काँगचा कोरडा कालवा

मंडळी, आज आपण आयर्लंडच्या पश्चिमेकडे, काँग नावाच्या गावात जाणार आहोत. गाव केवढं, तर दोन-चार गल्ल्यांचं. उत्तरेला मास्क सरोवर, दक्षिणेला कॉरिब सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव. त्याच्या आयरिश नावाचा अर्थच मुळी चिंचोळी जागा.

बहुतेक पर्यटक येतात ते सिनेमासाठी. जॉन फोर्डच्या 'द क्वाएट मॅन'चं चित्रीकरण १९५१ साली इथे झालं. नायक-नायिकेचा पुतळाही गावात आहे. असो.

जुनं म्हणाल तर मठ. संत फेखीनने सातव्या शतकात तो स्थापला असं मानतात. आज दिसतात ते अवशेष पुष्कळ नंतरचे. रोरी ओकॉनर हा आयर्लंडचा शेवटचा सर्वोच्च राजा. नॉर्मनांचा अंमल आणि घरातली भाऊबंदकी या दोहोंनी थकलेला हा राजा शेवटी या मठात येऊन राहिला आणि ११९८ साली इथेच वारला. ११२३ साली घडवलेला प्रसिद्ध 'काँगचा क्रूस' आता डब्लिनच्या संग्रहालयात आहे. नदीत मठवासियांची मासे धरायची दगडी खोली अजून उभी आहे, जमिनीला भोक ठेवलेली. आणि हो, आपल्या वर्तमानपत्रांत रोज येणारा 'बायकॉट' हा शब्द ज्या कॅप्टनच्या आडनावावरून आला, त्याचं घर इथून जवळच, मास्कच्या काठी. १८८० सालची ती कथा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आम्हाला बोलायचंय ते कालव्याबद्दल. मास्कची पातळी कॉरिबपेक्षा सुमारे १० मीटर उंच, पण दोघांना जोडणारी नदी जमिनीवर जवळजवळ नाहीच. इथला खडक चुनखडीचा, भेगाळलेला. मास्कचं पाणी भुयारांतून वाहतं आणि काँगपाशी झऱ्यांनी वर येतं. गावाबाहेर 'पिजन होल' नावाची गुहा आहे. पायऱ्या उतरून गेलात की खाली वाहणारी नदी दिसते.

१८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं. दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. अशा काळात, १८४८ साली, सरकारने या पट्टीवर कालवा खणायला घेतला. बेत मोठा होता: पुराचं पाणी काढून द्यायचं आणि गॉलवेच्या समुद्रातून कॉरिबमार्गे थेट मास्कपर्यंत नावा न्यायच्या. उपाशी माणसांच्या हाताला काम मिळालं. गॉलवेकडचा तुकडा १८५२ साली पुराही झाला.

आता लोकांत चालत आलेली गोष्ट ऐका. म्हणे काम संपलं, समारंभ झाला, दारं उघडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी जमिनीत गडप झालं! साहेबाला खडक कळला नाही. सांगायला झकास गोष्ट आहे. पण कागद वेगळं सांगतात. १८५४ साली जलवाहतुकीचं काम अर्धवट असतानाच वरून थांबवलं गेलं. खर्च फुगला होता, आणि रेल्वे १८५१ मध्येच गॉलवेला पोचली होती. खडक सच्छिद्र होता हे खरंच. अस्तर घालावं लागलं असतं, म्हणजे आणखी खर्च. तेव्हा निर्णय हिशेबाच्या वहीत झाला.

मग लोकांनी गोष्ट का रचली? आमचं मत असं की वहीतला निर्णय कुणाला दिसत नाही, त्यावर रागावताही येत नाही आणि हसताही येत नाही. गडप झालेल्या पाण्यावर मात्र हसता येतं. ज्यांनी पोटासाठी खडक फोडला, त्यांच्या नातवंडांना साहेबाची फजिती आवडणारच. पण या गोष्टीत एक गोम आहे. तिच्यात अभियंता मूर्ख ठरतो, निसर्ग जिंकतो आणि काम थांबवणारं दफ्तर अलगद सुटतं. खणणारेही कुठे दिसत नाहीत.

ते दिसतात ते दगडांत. नावा चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या हौदांच्या भिंती, धक्के, पूल अजून उभे आहेत. चिरे नीट घडवून बसवलेले.

उन्हाळ्यात गेलात तर कालव्याच्या तळाशी गवत दिसेल. हिवाळ्यात मास्क भरलं की मात्र त्यातून पाणी वाहतं. पूर काढून देण्याचं अर्धं काम तो आजही करतो.