'शुनेषित' : श्वान आणि चाक यांच्या संबंधाविषयीं एक दुरुस्ती

१. नारपोली हें गांव आतां भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें असून यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग हींच त्याचीं नित्याचीं चिन्हें झालीं आहेत. येथें राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मुधोळ जातीचा कुत्रा पाळला आहे. वय दोन वर्षें, छाती खोल, पाय लांब, आणि ओढ अशी कीं कुत्राच माणसास फिरावयास नेत आहे असें पाहणारास वाटावें. गतवर्षीं ह्या विद्यार्थ्यानें कुत्र्याची रग जिरविण्यासाठीं त्याची दोरी सायकलीच्या मुठीस बांधली. वाटेंत मांजर आडवें गेलें. कुत्रा वळला, त्याबरोबर मूठ वळली, आणि स्वार रस्त्यावर पडला. त्याचें मनगट मोडलें व कुत्र्याच्या पंजांची कातडी सोलवटली. आम्ही समाचारास गेलों तेव्हां तो म्हणाला, "सर, ऋग्वेदाच्या काळीं कुत्रे रथ ओढीत होते, असें तुम्हींच आम्हांस वर्गांत सांगितलें होतें. मग आमच्या कुत्र्यानें सायकल ओढली, तर चुकलें कोठें?"

२. तसें आम्हीं सांगितलें होतें, हें खरें. विद्यार्थ्यांचें लक्ष वेधावें म्हणून एका वैदिक शब्दावर आम्हीं तो रथ उभारला होता, आणि पुराव्याची छाननी केली नव्हती. प्रस्तुत लेख ही त्या विधानाची दुरुस्ती होय. आपल्या देशांत श्वान व चाक यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा दिसतो, हें प्रथम पाहूं. मग अशा ओढाळ कुत्र्यास व्यायाम देण्यासाठीं चाकाचें कोणतें वाहन निवडावें, ह्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देऊं.

३. वैदिक शब्द. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील ४६ व्या सूक्ताच्या २८ व्या ऋचेंत 'शुनेषित' हें पद आलें आहे. सूक्ताचा ऋषि वश अश्व्य. ह्या पदाच्या जोडीस 'अश्वेषित' व 'रजेषित' अशीं आणखी दोन पदें आहेत. 'श्वन्' शब्दाचें तृतीयेचें एकवचन 'शुना'. त्यास 'इषित' म्हणजे प्रेरित, धाडलेलें, हें पद जोडलें म्हणजे 'कुत्र्यानें नेलेलें वा आणलेलें' असा अर्थ निघतो. सायणाचार्यांच्या मतें येथें घोड्यानें, उंटानें अथवा गाढवानें, आणि कुत्र्यानें आणलेल्या अन्नाचा निर्देश आहे. आतां हें अन्न कुत्र्यानें पाठीवर आणलें कीं ओढून आणलें, हें त्या पदावरून ठरत नाहीं. ऋचेंत रथ नाहीं, चक्र नाहीं, युगही नाहीं. उंट व गाढव हे तर मुख्यत्वें पाठीवर ओझें वाहणारे प्राणी. त्यांच्या पंक्तींत बसलेला कुत्राही तसाच असावा, हें अनुमान रथाच्या अनुमानापेक्षां अधिक सरळ आहे. म्हणजे आमच्या रथाचीं चाकें आम्हींच पदरचीं घातलीं होतीं!

४. दायमाबादचा रथ. शब्दापेक्षां वस्तु बोलकी असते, आणि सुदैवानें अशी एक वस्तु महाराष्ट्रांतच आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास चार भरीव ब्राँझच्या वस्तु मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा ह्या तीन, आणि चौथी रथ. ह्या रथास दोन बैल जुंपलेले आहेत. सारथी उभा आहे. आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. ह्या वस्तु शास्त्रोक्त उत्खननांत न मिळतां अकस्मात् सांपडल्यामुळें त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत वाद आहे. कित्येक त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सुमारें चार सहस्र वर्षांपूर्वींच्या मानतात. काळ कोणताही ठरो, ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या मनांतील व्यवस्था स्वच्छ दिसते : ओढणारे बैल, हांकणारा मनुष्य, आणि कुत्रा वाहनावर बसून बरोबर जाणारा. कुत्र्यास त्यानें रथावर जागा दिली. जुवाखालीं दिली नाहीं.

५. ग्रंथ व लेख. हीच व्यवस्था पुढील वाङ्मयांत आढळते. रामायणाच्या अयोध्याकांडांत केकयराजानें भरतास दिलेल्या देणग्यांत राजवाड्यांत वाढविलेले महाकाय कुत्रे आहेत. ते बळानें वाघासारखे वर्णिले आहेत, पण भरताच्या रथास जुंपलेले नाहींत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पारध्यांबरोबर 'श्वगणी', म्हणजे कुत्र्यांचे ताफे बाळगणारे लोक, रानांतून फिरतात आणि चोर वा शत्रु दिसतांच शंख-दुंदुभि वाजवून सूचना देतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके १०५१) 'सारमेयविनोद' हें प्रकरणच आहे. त्याचा विषय शिकारी कुत्रे. म्हणजे राखण आणि मृगया हीं दोन कामें कुत्र्याकडे होतीं. तिसरें, ओढण्याचें, कोठेंही सांगितलेलें नाहीं.

कुत्र्याचा मान मात्र कमी नव्हता. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळांतील आतकूरच्या लेखांत (शके ८७२) रानडुकराशीं झुंजतां झुंजतां मेलेल्या 'काळी' नांवाच्या कुत्र्याचें स्मारक व त्यासाठीं दिलेली जमीन यांची नोंद आहे. सातारच्या शाहू छत्रपतींच्या आवडत्या कुत्र्याची समाधि संगम माहुली येथें आहे. ह्या कुत्र्यानें शिकारींत महाराजांस वाघापासून वांचविलें व त्याबद्दल त्यास जहागीर आणि पालखी मिळाली, ही हकीकत ग्रँट डफनें दिली आहे. वाहनांत बसण्याचा अधिकार मिळालेला कुत्रा आपल्या इतिहासांत आहे. वाहन ओढणारा नाहीं. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांतही हाच प्रसंग उंच पातळीवर आला आहे. इंद्र रथ घेऊन उभा आहे, आणि सोबत आलेल्या कुत्र्यास सोडून त्यांत चढण्यास युधिष्ठिर तयार नाहीं. सर्व वाद कुत्र्यास रथांत जागा मिळावी कीं नाहीं, एवढाच आहे.

६. असें कां झालें? येथें एक आक्षेप संभवतो. मनुस्मृतींत (१०.५१) कुत्रीं व गाढवें हें गांवाबाहेर ठेविलेल्या चांडालांचें धन म्हटलें आहे, ज्या प्राण्याचा स्पर्शही शिष्टांनीं टाळावयाचा, त्याच्या कामाची नोंद शिष्टांच्या ग्रंथांत कशी मिळावी? कुत्रे बाळगणारे धनगर, वंजारी, पारधी यांनीं बखरी लिहिल्या नाहींत. हा आक्षेप योग्य आहे, आणि केवळ ग्रंथांच्या मौनावर आम्ही विसंबत नाहीं. परंतु दुसरीं कारणें त्याहून सबळ आहेत. बैल हा ओढकाम करणारा, चाऱ्यावर जगणारा प्राणी घरोघर असतां, भाकरींत वांटेकरी होणारा कुत्रा जुंपण्याची गरज नव्हती. शिवाय सह्याद्रीच्या घाटांतून माल मुख्यत्वें पाठाळ बैलांवर जात असे; बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तोंवर कोंकणांतून देशावर चाकच सुखानें चढत नव्हतें. वंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर कुत्रे चालत, ते राखणीसाठीं.

ज्या साध्या लोकांनीं ग्रंथ लिहिले नाहींत, त्यांची साक्ष म्हणींत राहते. गाडीखालून सावलीनें चालणाऱ्या कुत्र्यास वाटतें कीं गाडी आपणच ओढतों, ही म्हण सर्वत्र प्रचलित आहे. तींतील उपहास केव्हां साधेल? ऐकणाराच्या अनुभवांत गाडी ओढणारा कुत्रा मुळींच नसेल तेव्हां. जेथें कुत्रे खरोखर गाड्या ओढतात, तेथें ही म्हण जन्मास येणें कठीण. आमच्या मतें नकारात्मक पक्षास इतका चांगला पुरावा दुसरा नाहीं.

७. परदेशची रीत. ज्या देशांत कुत्रे ओढीत होते तेथें त्यांस तशी निकड होती. बर्फावर घसरगाडी थोड्या बळानें सरकते, आणि घोड्याचा खूर व बैलाचा पाय तेथें टिकत नाहीं. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता, जो पुढें दौलताबादेसही येऊन गेला, त्यानें उत्तरेकडील 'अंधाराच्या देशां'तील कुत्र्यांच्या गाड्यांचें वर्णन केलें आहे. तो स्वतः तेथें गेला नव्हता, हें त्यानेंच सांगितलें असल्यामुळें वृत्तांत ऐकीव समजावा. पण त्यांतील तपशील मननीय आहेत. अनेकदां वाट तुडविलेला कुत्रा पुढें असतो व त्याची किंमत सहस्र दीनारांपर्यंत जाते. धनी त्यास मारीत नाहीं, रागें भरत नाहीं. जेवणाच्या वेळीं माणसांआधीं कुत्र्यांस वाढतो. तसें न केल्यास तो रुसून निघून जातो आणि धनी मरणास टेकतो.

युरोपांत गरिबांची निकड निराळी होती. घोडा परवडत नसे, म्हणून दूधवाले व फेरीवाले कुत्रे जुंपीत. तेथें कुत्र्यांचे हाल इतके झाले कीं १८३९ च्या कायद्यानें लंडन व त्याभोंवतीं, आणि १८५४ च्या कायद्यानें सर्व इंग्लंडांत, कुत्र्यांकडून गाडी ओढविण्यास बंदी झाली. बेल्जममध्यें मात्र ती चाल राहिली, व १९१४ च्या युद्धांत त्या देशाच्या सैन्याच्या मशीनगनही कुत्र्यांनीं ओढल्या. आपल्याकडे इंग्रजी अमदानींत आलेली 'डॉगकार्ट' ही नांवानें फसविणारी गाडी; ती घोडा ओढी, आणि शिकारी कुत्रे बैठकीखालील पेटींत बसून जात. दायमाबादचीच व्यवस्था ती!

८. वाहनाची निवड. आतां विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. परंपरा नाहीं, म्हणून कुत्र्यानें ओढूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. धांवण्याची हौस असलेल्या निरोगी कुत्र्यास यंत्रमागाच्या गल्लींत दिवसभर साखळीस ठेवणें हेंही क्रौर्यच आहे. म्हणणें एवढेंच कीं, जी विद्या आपल्या घरची नाहीं ती ज्यांची आहे त्यांच्याकडून नीट शिकून घ्यावी.

मुधोळ अथवा कारवान कुत्रा हा नजरेनें शिकार करणारा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ह्या जातीची जोपासना केली व तिची जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें ह्या कुत्र्याचें तिकीट काढलें. हलणारी वस्तु दिसतांच झेप घेणें हा त्याचा जातिधर्म; म्हणून स्वारास क्षणांत पाय टेकतां येईल असेंच वाहन हवें. सायकलीवर स्वार उंच बसतो. दोरी मुठीस असेल तर कुत्रा वळतांच चाक वळतें, आणि आमच्या विद्यार्थ्याचें मनगट त्याच कारणानें मोडलें. सायकलच वापरावयाची तर बैठकीच्या खालीं पक्का केलेला आडवा दांडा व त्यास स्प्रिंग, अशी योजना करून कुत्र्यास बाजूस धांवूं द्यावें. तेथें कुत्रा सोबती असतो, ओढणारा नव्हे. तीन-चार चाकांची गाडी स्थिर खरी, पण ती जड असते, रुंद वाट मागते, आणि झटक्याच्या वळणावर उलटते. एकट्या कुत्र्याचें तें काम नव्हे. खऱ्या ओढाळ कुत्र्यासाठीं उभ्यानें चालविण्याची, पायानें रेटण्याची स्कूटर आम्हांस सर्वांत बरी वाटते. तिची फळी जमिनीलगत असल्यामुळें पाय तत्काळ टेकतो. हवेचे मोठे टायर व दोन्ही चाकांस ब्रेक असावे. दोरी लवचीक असावी, मुठीस न बांधतां तिच्या खालीं दांड्यास बांधावी, आणि पुढच्या चाकांत गुंतणार नाहीं अशी उचलून धरलेली असावी.

ओढ गळ्यावर न येतां छातीवर यावी, म्हणून गळपट्टा नव्हे तर छातीचा पट्टा घालावा; गळा दाबला गेला कीं श्वास कोंडतो. कुत्र्याची वाढ पुरी झाल्याशिवाय, म्हणजे सुमारें दीड वर्षापूर्वीं, त्यास ओढावयास लावूं नये, व आरंभीं पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाहीं. तो धापा टाकून अंग निववितो. म्हणून कोंकणच्या उकाड्यांत सूर्योदयापूर्वींची थोडी धांव पुरे. रस्त्यावर हाताचा तळवा टेकवत नसेल तर कुत्र्याचा पंजाही टेकवूं नये. मालमोटारींचा डांबरी रस्ता वर्ज्य. पावसाळ्यानंतर भातखाचरांकडे जाणारी मातीची वाट योग्य. आणि 'थांब' हा शब्द कुत्रा पायीं चालतांना शिकला नसेल, तोंवर चाक आणूंच नये. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असावें, हें सांगणें नलगे.

९. आमच्या विद्यार्थ्याचें मनगट आतां सांधलें आहे. त्यानें स्कूटर घेतली असून गेले दोन महिने तो रिकामी स्कूटर हातानें ढकलीत कुत्र्याबरोबर पायींच चालतो, म्हणजे चाकाचा आवाज कुत्र्याच्या अंगवळणीं पडावा. घरीं आल्यावर प्रथम कुत्र्यास वाढून मग तो स्वतः चहा घेतो. ही रीत त्यानें कोठून उचलली असें विचारतां, इब्न बतूताची गोष्टही आम्हींच सांगितली होती, असें उत्तर मिळालें. ती तरी आम्हीं बरोबर सांगितली होती, एवढें समाधान.

तात्पर्य, 'शुनेषित' ह्या पदावरून वैदिक काळीं श्वानरथ होते असें आम्हीं वर्गांत केलेलें विधान आम्ही येथें परत घेतों. त्या काळच्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या वाचनांत हा लेख येईल त्यांनीं आपली समजूत दुरुस्त करावी. तसेंच ओझें ओढणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख जुन्या मराठी दप्तरांत, जमाखर्चांत किंवा शिल्पांत कोणास आढळल्यास त्यानें तो साधार प्रसिद्ध करावा. आमचें अनुमान त्याच्या पुराव्यापुढें मागें घेण्यास आम्ही तयार आहों.