अंतर-काल आलेख

अंतर-काल आलेख म्हणजे एखाद्या गतिमान वस्तूने वा व्यक्तीने कापलेले अंतर आणि त्यासाठी लागलेला वेळ यांचा संबंध रेषेने दाखवणारी आकृती होय. भौतिकशास्त्राच्या शालेय अभ्यासक्रमात, रेल्वेच्या वाहतूक नियोजनात आणि डिझाइन शिक्षणातील माहिती-आलेखनाच्या अभ्यासात तिचा वापर होतो. नकाशा जागा दाखवतो व वेळापत्रक वेळ सांगते. या आलेखात दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

स्वरूप

सामान्यतः आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेतले जाते. रेषेचा चढ गती दाखवतो. चढ जितका तीव्र, तितकी गती अधिक. आडवी रेषा म्हणजे मुक्काम वा थांबा. वेळ पुढे सरकतो, परंतु अंतर तेवढेच राहते. परतीचा प्रवास उतरत्या रेषेने दाखवतात. एकाच मार्गावरील दोन प्रवासांच्या रेषा जेथे छेदतात, तेथे ते प्रवासी एकाच क्षणी एकाच ठिकाणी असतात.

अंतर वेळेत मोजण्याची पद्धत जुनी आहे. मराठीतील 'मजल' हा शब्द एका दमात किंवा एका दिवसात होणाऱ्या वाटचालीचा टप्पा दर्शवतो. 'मजल दरमजल' या वाक्प्रयोगात अंतर आणि काळ एकत्र आलेले आहेत.

इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात पॅरिस–ल्यों मार्गावरील गाड्यांचा आलेख दिला. त्याचे श्रेय इब्री या अभियंत्याला दिले जाते. त्यात स्थानकांमधील जागा प्रत्यक्ष अंतराच्या प्रमाणात सोडलेली होती. एडवर्ड टफ्टी यांच्या १९८३ मधील पुस्तकामुळे हा आलेख डिझाइनच्या विद्यार्थ्यांना सर्वत्र परिचित झाला. शार्ल मिनार यांनी १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशिया मोहिमेचे चित्र काढले. त्यात मार्ग, सैन्याची घटती संख्या आणि परतीच्या वाटेवरील तापमान एकत्र आणले होते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून किती दिवसांत कोठे पोहोचता येते, हे रंगांनी दाखवणारा समकाल नकाशा प्रसिद्ध केला.

रेल्वेतील उपयोग

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या रेषा केवळ स्थानकाच्या आडव्या रेषेवरच छेदल्या पाहिजेत, कारण बाजूला थांबण्यासाठी लूप मार्ग तेथेच असतो. दोन स्थानकांच्या मध्ये छेद आला, तर ते नियोजन चुकीचे असून त्याचा अर्थ टक्कर असा होतो. आकड्यांच्या तक्त्यात सहज नजरेतून सुटणारी ही चूक आलेखात लगेच लक्षात येते. विभागीय नियंत्रक प्रत्यक्ष धावणाऱ्या गाड्यांची नोंदही अशाच आलेखावर ठेवतात. पूर्वी हे काम कागदावर हाताने होत असे. आता ते मुख्यतः संगणकावर होते.

वर्धा जिल्ह्यातील उदाहरणे

मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन प्रमुख रेल्वेमार्ग सेवाग्राम स्थानकापासून नागपूरपर्यंत एकच वाट वापरतात. चेन्नईचा मार्ग सेवाग्रामहून हिंगणघाट व बल्लारशाहकडे वळतो. त्यामुळे सेवाग्राम–नागपूर टप्प्याच्या आलेखात रेषांची दाटी होते. वेगवान गाडीची तीव्र चढाची रेषा मालगाडीच्या मंद चढाच्या रेषेला कोठे गाठेल, हे आधीच पाहून मालगाडी बाजूला घ्यावी लागते. याउलट पुलगाव–आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा, आता बंद असलेला अरुंदमापी मार्ग एकेरी होता.

पदयात्रेचा आलेख याहून वेगळा असतो. विनोबा भावे सप्टेंबर १९५१ मध्ये पवनारहून पायी निघाले व नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोहोचले. सुमारे १,२७० किलोमीटरचे हे अंतर दोन महिन्यांत, म्हणजे दिवसाला सरासरी २० किलोमीटर याप्रमाणे, पार पडले. दिवसाचे चालणे आणि गावातील मुक्काम यांमुळे अशा प्रवासाची रेषा पायऱ्यांसारखी दिसते. भूदानाची मागणी व सभा मुक्कामातच होत असल्याने या आलेखातील आडवे भाग चढांइतकेच महत्त्वाचे ठरतात. केवळ सरासरी गती काढल्यास ही बाब दिसत नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे झालेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. तिच्यात सूतकताई आणि गणित यांची सांगड घातलेली होती. खादीच्या मापनात ४ फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी धरली जात असे. ठरावीक वेळात काढलेले तार मांडल्यास कताईचाही अंतर-काल आलेख तयार होतो. धागा तुटल्याची जागा त्यात आडव्या रेषेने ओळखता येते.

डिझाइन शिक्षणातील स्थान

अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. माहिती-आलेखनाच्या अभ्यासात परिचित प्रवास चित्रित करणे हा एक प्रचलित प्रकार आहे. घर ते महाविद्यालय या वाटेतील चालणे, बसची प्रतीक्षा आणि बसप्रवास वेगळे दाखवावे लागतात. एक किलोमीटर चालण्याला बसच्या पाच किलोमीटरांइतकाच वेळ लागत असेल, तर कोणते प्रमाण कायम ठेवायचे, याचा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावा लागतो. हॅरी बेक यांनी १९३३ च्या लंडन भुयारी रेल्वेच्या नकाशात प्रत्यक्ष अंतराचे प्रमाण सोडून स्थानकांचा क्रम आणि जोडण्या राखल्या. हे अशा निर्णयाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

मर्यादा

आलेखात एकाच मार्गावरील हालचाल स्पष्ट दिसते. दिशाबदल व भूप्रदेश दिसत नाहीत. समकाल नकाशा ही उणीव अंशतः भरून काढतो, मात्र तो ज्या परिस्थितीच्या आधारे केला तिच्यापुरताच खरा असतो. रुग्णालयापासून सारख्याच अंतरावरील दोन गावांपैकी एकाच्या वाटेतील पूल पावसाळ्यात पाण्याखाली जात असेल, तर त्या गावाचे वेळेतील अंतर ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यातील मोजमापावर आधारलेला नकाशा तेथील रुग्णाच्या दृष्टीने दिशाभूल करणारा ठरतो. म्हणून अशा आकृतीवर मोजमापाचा काळ, प्रवासाचे साधन आणि प्रमाण नोंदवणे आवश्यक मानले जाते.

हे सुद्धा पहा

गती
आलेख
भूदान चळवळ
सेवाग्राम रेल्वे स्थानक
नई तालीम