गंगाराम तांबटांचा गेंडा

आजचा भाग एका गेंड्याचा आहे. खरं तर तो ज्याने काढला त्या माणसाचा, पण सुरुवात गेंड्यापासूनच करू.

हे चित्र आज अमेरिकेत न्यू हेवनला आहे, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये. तिथे २०११ साली ‘अडॅप्टिंग द आय’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात बड्या साहेबांच्या आणि दरबारच्या चित्रांबरोबर पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबटांचं कामही मांडलं होतं. गेंड्याच्या चित्रावरची तारीख आहे नोव्हेंबर १७९०. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गेंडा काही दख्खनचा प्राणी नाही. तो पुण्यात होता पेशव्यांच्या शिकारखान्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. सवाई माधवरावांना जनावरांचा भारी नाद. गादीवर ते, कारभार नाना फडणवीसांचा, आणि पेशव्यांचं वय तेव्हा सोळा. सोळाव्या वर्षी माणसाला गेंड्याचं कौतुक असणारच की!

त्याच सुमाराला पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याला इथलं सगळं कागदावर उतरवून हवं होतं, देवळं, लेणी, जनावरं, माणसं. त्यासाठी तो गंगारामांकडून चित्रं काढून घ्यायचा. वेरूळची लेणीसुद्धा त्यांनी मॅलेटसाठी काढली.

पुढची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईला आला आणि तिथून पुण्याला. मॅलेटच्या सांगण्यावरून शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, वेल्सने तिथे इथल्या लोकांना शिकवलं आणि त्यातून गंगाराम तयार झाले. गुरू गोरा, शिष्य तांबट. ऐकायला छान वाटतं.

पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली. गेंडा त्याच्या आधीचा आहे! म्हणजे गंगारामांचा हात आधीच बसलेला होता. तो कुठे बसला असेल? आडनावच तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून त्याला गोलाई देणाऱ्यांची ही बिरादरी, पुण्यात कसब्यातली तांबट आळी अजून आहे. माझा आपला तर्क, की गेंड्याच्या अंगावरच्या जाड घड्या पाहणाऱ्या नजरेला पत्र्याची ओळख असावी. वेल्सकडून ते काहीच शिकले नाहीत असं मी म्हणत नाही. त्याच्याबरोबर त्यांनी पुढे काम केलंच. पण घडवलं त्याने, हे तारखेत बसत नाही.

वेल्सची चित्रं मोठ्या माणसांची. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकत्र असलेलं त्याचं चित्र लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. १७९० सालच्या मराठे-इंग्रज तहाच्या दरबाराचं भलं मोठं चित्र टॉमस डॅनिएलने १८०५ साली पुरं केलं, वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून. ते लंडनच्या टेटमध्ये आहे. नाव डॅनिएलचं, मेहनत बरीचशी वेल्सची. म्हणजे श्रेयाची ही ओढाताण गोऱ्यांमध्येही होतीच.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात सज्जावरून पडून गेले. नोव्हेंबरात वेल्सही गेला. दोन वर्षांनी मॅलेटने पुणं सोडलं आणि पुढे वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केलं. कागदांचे गठ्ठे त्यांच्याबरोबर विलायतेला गेले, आणि पर्वतीच्या पायथ्याचा गेंडाही त्यातच.