बुचर पेपर (बार्बेक्यू)

बुचर पेपर हा खाटकाच्या दुकानात मांस बांधून देण्यासाठी वापरला जाणारा जाड, चिवट कागद होय. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बार्बेक्यू पद्धतीत गोमांसाचे ब्रिस्केट (छातीचा भाग) मंद आचेवर धुरावताना मध्येच या कागदात गुंडाळतात.

मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात स्थायिक झालेल्या जर्मन व चेक खाटकांच्या दुकानांतून धुरावलेले मांस कागदावरच गिऱ्हाइकाच्या हाती पडे. लॉकहार्ट येथील, १९०० साली स्थापन झालेल्या क्राइट्स मार्केटमध्ये आजही ताटाऐवजी कागदच मिळतो. शिजवतानाच कागद गुंडाळण्याची रीत मात्र सर्वदूर पोहोचली ती अलीकडे, मुख्यतः ऑस्टिनमधील ॲरन फ्रँकलिन यांच्या २००९ साली सुरू झालेल्या उपाहारगृहामुळे.

'''गुंडाळण्याचे कारण'''

धुराची भट्टी साधारण ११० ते १३५ अंश सेल्सियस तापलेली असली, तरी मांसाचे आतील तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येऊन तासन्‌तास अडून राहते. आच कमी पडल्याने असे घडत नाही. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, तेच कारण येथे आहे : पृष्ठभागावरील ओलावा बाष्परूपाने उडून जाताना उष्णता घेऊन जातो. मांस गुंडाळले की बाष्पीभवन मंदावते आणि तापमान पुन्हा चढू लागते.

ॲल्युमिनियमच्या फॉइलने हे काम अधिक जलद होते. या उपायाला काहीशा तुच्छतेने ‘टेक्सासची कुबडी’ म्हणतात. फॉइलमध्ये कोंडलेल्या वाफेने मांसावरील मसाल्याचे काळे, खरपूस कवच (बार्क) मऊ पडते. कागदातून थोडी वाफ बाहेर पडते आणि कागद चरबी शोषून घेतो. त्यामुळे कवच पुष्कळसे टिकते. त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते.

कधी गुंडाळावे हे केवळ तापमानावरून ठरवणे योग्य नव्हे. कवच गडद होऊन नखाने खरवडले जाईनासे झाले म्हणजे वेळ झाली असे समजतात. पुढे आतील तापमान सुमारे ९५ अंशांवर जाईपर्यंत मांस भट्टीत ठेवतात. तोवर त्यातील चिवट कोलॅजेनचे जिलेटिनमध्ये रूपांतर झालेले असते. त्यानंतर ते कागदातच मुरू देतात.

यासाठी विनालेपाचा, खाद्यपदार्थांसाठी बनवलेला कागद लागतो. तो बहुधा गुलाबीसर तपकिरी असतो. मेण किंवा प्लॅस्टिकचा लेप असलेला कागदही दुकानांत याच नावाने विकला जातो, परंतु उष्णतेने तो लेप वितळून मांसात उतरतो. शाईमुळे छापील वर्तमानपत्रही वर्ज्य आहे.