हिरव्या कॅप्सूलचा इतिहास : जीवनसत्त्व ई आणि ऊन

बंगळुरूची हवा बाहेरून आलेल्याला फसवते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, वारा गार. म्हणून सोलापूर-नागपूरकडून शिकायला आलेली मुले भर दुपारी चेहरा न झाकता दुचाकीवर फिरतात. पण त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि हवा गार असली म्हणून ते कमी होत नाहीत. चेहरा काळवंडला की मेडिकलमधून हिरवी कॅप्सूल आणायची, टोचायची आणि आतले तेल चोळायचे! त्या तेलातल्या जीवनसत्त्व ईचा उन्हाशी संबंध आला कुठून?

सुरुवातीला तो नव्हताच. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप पांढऱ्या उंदरांना ठरावीक आहार देत होते. माद्या गाभण राहत, पण गर्भ पोटातच जिरत. लेट्यूसची पाने किंवा गव्हाचे अंकुर दिले की पिल्ले होत. १९३६ मध्ये हे द्रव्य गव्हाच्या अंकुरांच्या तेलातून वेगळे झाले. त्याचे टोकोफेरॉल हे नावही अपत्यजन्माच्या ग्रीक शब्दावरून आले.

त्वचेकडे वळवले ते रसायनशास्त्राने. ऊन लागले की त्वचेत मुक्त मूलके तयार होतात. एक मूलक शेजारच्या स्निग्ध रेणूतून हायड्रोजन ओढतो, तो रेणू पुढच्याकडून, अशी साखळी चालते. टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन ती तोडतो. टायरच्या रबरात प्रतिऑक्सिडीकारक घालतात, हे तुम्ही पॉलिमरच्या प्रकरणात वाचले असेल, काम तेच. शरीरातही जीवनसत्त्व ईचे हेच कार्य आहे, अशी मांडणी ए. एल. टॅपेल यांनी १९६२ मध्ये केली. हायड्रोजन देऊन खर्ची पडलेल्या टोकोफेरॉलला जीवनसत्त्व सी पुन्हा कामाला लावते, ही अभिक्रिया १९७९ मध्ये प्रयोगशाळेत प्रत्यक्ष टिपली गेली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने १५ टक्के सी आणि १ टक्का ई यांचे द्रावण चार दिवस लावून सुमारे चौपट संरक्षण दाखवले. त्वचा मात्र डुकराची होती, हे जाहिरातीत सहसा येत नाही.

आता कॅप्सूलकडे. शुद्ध टोकोफेरॉल हवेत आणि उजेडात खराब होते. म्हणून कारखान्यात त्याच्या हायड्रॉक्सिल गटावर ॲसिटेटचे झाकण बसवतात. माल टिकतो; पण हायड्रोजन द्यायचा तो याच गटातून! त्वचेतल्या विकरांनी झाकण काढल्याशिवाय रेणू साखळी तोडू शकत नाही, आणि वरून चोळलेल्यापैकी थोडाच भाग तसा मोकळा होतो. टिकाऊपणा आणि उपयुक्तता यांची अशी ओढाताण अभियांत्रिकीत पदोपदी भेटते. शिवाय काहींना या तेलाने पुरळ उठते.

मूळ टोकोफेरॉलसुद्धा अतिनील किरण फारसे अडवत नाही. आत शिरलेल्या किरणांनी सुरू केलेली पडझड तेवढी आवरते. अडवायचे काम टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीनचे. बाटली घेतलीच, तर घटकांच्या यादीत ‘टोकोफेरॉल’ लिहिले आहे की ‘टोकोफेरिल ॲसिटेट’, ते पाहा.