नाव नसलेला सैनिक

व्याकरणाच्या तासाला दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. फळ्यावर तो, ती, ते असा तक्ता काढून झाला, की मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करते. "ते मूल असे का म्हणायचे? मूल म्हणजे मुलगा असेल, नाहीतर मुलगी असेल!" माझे उत्तरही ठरलेले आहे. भाषेने त्या मुलाला 'तू कोण' म्हणून अजून विचारलेले नाही. तोवर तिने एक जागा मोकळी ठेवली आहे. मुले हसतात आणि तास पुढे चालू होतो.

फ्रेंच भाषेत ही मोकळी जागा नाही. तिथे दगडालाही बाई किंवा पुरुष व्हावे लागते. अशा भाषेत लिहिणाऱ्या एका लेखिकेने १९३० साली पॅरिसमध्ये एक चमत्कारिक आत्मचरित्रवजा पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्याला नपुंसकलिंगच काय ते मानवते, अशा आशयाची कबुली देऊन टाकली. स्वतःच्या व्याकरणात नसलेली जागा मागणारी ही बाई कोण, हे शोधता शोधता मी ज्या हकिकतीपाशी पोहोचलो, ती यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. तिच्यात पलटणी आहेत, तुरुंग आहे, फाशीच्या तोडीची शिक्षा आहे. आणि मुळाशी आहे ती दोन बायकांची जन्मभराची सोबत.

तिचे जन्मनाव ल्युसी श्वॉब. २५ ऑक्टोबर १८९४ रोजी फ्रान्समधील नांत शहरी तिचा जन्म झाला. वडील वर्तमानपत्राचे मालक, चुलते मार्सेल श्वॉब नावाजलेले लेखक. घरात विद्येची चणचण नव्हती. चणचण होती ती आईची. आईला मनोविकार जडला आणि तिची रवानगी इस्पितळात झाली. पोरीला वाढविले ते आंधळ्या मायेने नव्हे, तर पुराणकथा सांगून सांगून, तिच्या आजीने. वडिलांचे घराणे ज्यू. ड्रायफस प्रकरणाने फ्रान्स तेव्हा दुभंगला होता, आणि मोठ्यांचा द्वेष मुलांच्या खेळात उतरायला वेळ लागत नाही. शाळेतल्या मुलींनी ल्युसीचा इतका छळ मांडला, की तिला काही काळ इंग्लंडमधील शाळेत धाडावे लागले.

परत आल्यावर, १९०९च्या सुमारास, तिची गाठ सुझान मालेर्ब हिच्याशी पडली. सुझान दोन वर्षांनी मोठी, मितभाषी, चित्रकलेत निपुण. ती गाठ पुढे सुटली नाही. दोघींनी एकमेकींवर जन्मभर प्रेम केले. या नात्याला मैत्रीच्या पदराखाली झाकण्याचे आज काही कारण उरलेले नाही. मौज अशी, की १९१७ साली ल्युसीच्या वडिलांनी सुझानच्या विधवा आईशी विवाह केला. म्हणजे ज्यांच्या नात्याला समाजात नाव नव्हते, त्यांना अनायासे एक नाव मिळाले: सावत्र बहिणी! लोकांपुरते तेवढे पुरे झाले.

ल्युसीने मात्र स्वतःसाठी वेगळे नाव निवडले. क्लोद हे फ्रेंच नाव पुरुषाला चालते नि बाईलाही चालते. आडनाव घेतले ते आजीचे, काऊँ. सुझानही चित्रांवर मार्सेल मूर अशी सही करू लागली.

क्लोद काऊँच्या लेखणीचे पहिले ठळक प्रकरण १९१८ सालचे आहे. महायुद्धाचा वणवा पेटलेला. लंडनमध्ये नोएल पेंबर्टन बिलिंग नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने आपल्या पत्रातून अफवा उठविली, की जर्मनांजवळ एक 'काळी वही' असून तीत समलिंगी प्रेमाच्या 'व्यसनात' सापडलेल्या ४७,००० इंग्रजांची नावे आहेत. हे लोक धाकाने शत्रूच्या मुठीत गेले आहेत. पाठोपाठ त्याने मॉड ॲलन या नर्तकीवर चिखल उडविला. तिचा गुन्हा एवढाच, की ती ऑस्कर वाइल्डच्या 'सालोमे' नाटकात काम करणार होती. तिने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती काळी वही कोर्टापुढे कधी आलीच नाही. तरीही बिलिंग निर्दोष सुटला, गर्दीने त्याचा जयजयकार केला, आणि फिर्यादी असलेली नर्तकीच बदनाम होऊन बसली. अवघ्या तेवीस वर्षांच्या क्लोदने 'मर्क्यूर द फ्रांस' या पत्रात या खटल्यावर लेख लिहून कलेची बाजू मांडली. बिलिंगचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा: असे लोक शत्रूपुढे प्रथम वाकतात. त्याचे उत्तर सव्वीस वर्षांनी मिळायचे होते, आणि तेही या लेखिकेकडूनच.

पुढे दोघी पॅरिसला आल्या. तिथल्या दिवसांत क्लोदने ईव्ह, ज्यूडिथ, हेलन, सिंड्रेला अशा पुराणांतल्या नि परीकथांतल्या नायिकांना त्यांच्या तोंडून बोलते केले. पुरुषांनी रचलेल्या कथांची कुलपे एकेक करून उघडली. हॅवलॉक एलिस याचे समाजातील स्त्रीविषयीचे पुस्तक फ्रेंचमध्ये आणले. १९२९ साली एका छोट्या प्रायोगिक रंगभूमीवर तिने नीलश्मश्रू राजाच्या राणीची भूमिका केली, आणि त्याच मंडळींच्या दुसऱ्या नाटकात चक्क सैतानाची!

परंतु तिचे खरे नाटक घरात चाले. तिथे प्रेक्षक एकच, कॅमेऱ्यामागे उभी असलेली मार्सेल. कधी डोके तुळतुळीत भादरून, कधी खलाशी, कधी झोकदार कोटातला पुरुष, कधी गालांवर बदाम रंगविलेला पहिलवान, कधी बाहुली. आपल्याकडे बहुरूपी दारात येतो तो आपण पसा भरून धान्य घालावे म्हणून; ही बहुरूपीण कोणाच्या दारी गेली नाही. यातली बहुतेक छायाचित्रे तिच्या हयातीत लोकांनी पाहिलीसुद्धा नाहीत. आज अशा देहाभिनयाला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात आणि त्या कलेच्या पूर्वसूरींत तिची गणना होते. तिचा प्रश्न साधा होता: वेष बदलला की 'बाई' बदलते, मग बाई म्हणजे वेषच की काय? बालगंधर्वांना शालू नेसलेले पाहून ज्या समाजाने जीव ओवाळून टाकला, त्याला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. फरक इतकाच, की नाटकगृहाबाहेर पडल्यावर आपण तो विसरतो.

लिहून बोलण्याची वेळ आली तेव्हाही ती मागे राहिली नाही. फ्रान्समध्ये समलिंगी संबंध हा १७९१ पासून गुन्हा नव्हता. पण त्याविषयी उघड लिहिणे नीतीला बाधक ठरविता येई. १९२४-२५ साली निघालेल्या अशा एका छोट्या मासिकाचा पोलिसांनी पिच्छा पुरविला. मासिकाने लेखकांची मते मागविली, तेव्हा क्लोदने आचारस्वातंत्र्याच्या बाजूने आपले मत नावानिशी दिले. चालकांना पुढे शिक्षा झाली. हे वाचताना आपल्या र. धों. कर्व्यांची आठवण होते. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच, आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले. तरी दंड झालाच. पॅरिस काय नि मुंबई काय, विचारणाऱ्याला उत्तर देणे हाच अपराध ठरत होता.

१९३७ साली दोघींनी पॅरिस सोडले आणि इंग्लंड-फ्रान्समधील समुद्रात, फ्रान्सच्या किनाऱ्यालगत असलेल्या जर्सी या ब्रिटिश बेटावर घर घेतले. सेंट ब्रेलाडच्या उपसागराकाठी, चर्च आणि कबरस्तान यांच्या शेजारी. इथे त्या पुन्हा ल्युसी आणि सुझान झाल्या. शेजारीपाजारी त्यांना नुसते 'बाईसाहेब' म्हणत. दोन प्रौढ बहिणी, एक मांजर, समुद्राचा वारा.

१ जुलै १९४० रोजी जर्मन फौजा बेटावर उतरल्या. ज्यूंनी नोंदणी करावी असे फर्मान निघाले. ल्युसी गेली नाही. आणि मग जन्मभर घरात वठविलेली सोंगे कामास आली. रेडिओ चोरून ऐकायचा, त्यातली खरी बातमी उचलायची, ल्युसीने मजकूर रचायचा, जर्मन जाणणाऱ्या सुझानने तो त्या भाषेत उतरवायचा. तलम कागदावर टंकलेखन करून त्याच्या चिठोऱ्या व्हायच्या. बाजारहाटाला निघालेल्या दोन पोक्त बायकांकडे कोण संशयाने पाहणार? चिठोऱ्या सैनिकांच्या ओव्हरकोटाच्या खिशात जात, सिगारेटच्या पाकिटात जात, उभ्या मोटारीच्या खिडकीतून आत पडत. कधी विनोद, कधी कवन, कधी संवाद. प्रत्येकीचा सूर एकच: तुम्ही हरत आहात, तुमचे वरिष्ठ तुम्हांला फुकट मारीत आहेत, बंदुका टाका. खाली सही असे: 'नाव नसलेला सैनिक'.

शत्रूला शिव्या देणारे पत्रक कोणीही लिहील. या दोघींनी त्या सैन्यातल्याच एका सैनिकाचे सोंग घेतले, त्याच्या मनातले भय त्याच्याच भाषेत बोलून दाखविले. शेजारच्या कबरस्तानात जर्मन पोरे पुरली जात होती, ती त्यांना खिडकीतून दिसत. त्यांच्यासाठी युद्ध संपले आहे, अशा अर्थाची पाटी लावलेला क्रूस त्यांनी एका रात्री तिथे नेऊन ठेवला. हा त्यांचा लढा होता. त्यात द्वेष जर्मन पोरांचा नव्हता.

चार वर्षे गुप्त पोलीस कोणा फितूर सैनिकाचा, नाहीतर मोठ्या टोळीचा माग काढीत राहिले. अखेर २५ जुलै १९४४ रोजी ते घरात शिरले, तेव्हा त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या पन्नाशीच्या दोन बायका. एवढ्याच दोघी, यावर त्यांचा प्रथम विश्वास बसेना. दोघींनी अशा वेळेसाठी बाळगलेल्या झोपेच्या गोळ्या घेतल्या. पण मरण आले नाही. तुरुंगात त्यांना वेगवेगळ्या कोठड्यांत ठेविले. १६ नोव्हेंबर १९४४ रोजी लष्करी न्यायालयाने पत्रकांबद्दल देहान्ताची शिक्षा फर्माविली आणि चोरून रेडिओ ऐकल्याबद्दल वगैरे तुरुंगवास निराळा. तेव्हा ल्युसीने न्यायाधीशांना विचारले म्हणतात, की आधी तुरुंगवास भोगायचा की आधी मरायचे? न्यायालयात हशा पिकला.

दयेच्या अर्जावर सही करायला दोघींनी नकार दिला. बेटावरील अधिकाऱ्यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये देहान्त टळला. मे महिन्यात, बेट मुक्त होण्याच्या आदल्या दिवशी, त्या सुटल्या. घरी येऊन पाहतात तो घर लुटलेले, पुष्कळशी चित्रे नि छायाचित्रे नष्ट झालेली. त्या महिन्यातले एक छायाचित्र मात्र उरले आहे. दारात ल्युसी उभी आहे. डोक्याला रुमाल, अंगात कोट, कोणा घरची थकलेली काकूच जणू. आणि दातांत तिने जर्मन गणवेशावरचा गरुड धरला आहे. कॅमेऱ्यामागे अर्थात सुझान.

बिलिंगला मिळालेले उत्तर ते हेच. हे लोक शत्रूपुढे प्रथम वाकतात म्हणून त्याने ज्यांना भर न्यायालयात कलंक लावला, त्यांच्यापैकीच दोघी शत्रूच्या न्यायालयात ताठ उभ्या राहिल्या. मला वाटते, हा योगायोग नव्हे. जिला घराबाहेर पाऊल टाकताच रोज काहीतरी लपवावे लागते, तिला सत्तेच्या डोळ्यांत धूळ कशी टाकावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. पण ही विद्या तिला कोणाच्या उपकाराने मिळालेली नसते, अन्यायाने मिळालेली असते. म्हणून तिचे कौतुक करताना त्या अन्यायाचे कौतुक होणार नाही, एवढे जपले पाहिजे.

तुरुंगात खालावलेली ल्युसीची प्रकृती पुढे सुधारली नाही. ८ डिसेंबर १९५४ रोजी ती गेली. सुझान १९७२ साली गेली आणि घरचे सामान लिलावात निघाले. पुढे कितीतरी वर्षे क्लोद काऊँ हे नाव एखाद्या विस्मृत पुरुष लेखकाचे असावे, असाच काही अभ्यासकांचा समज होता. फ्रान्स्वा लपेर्लिए यांनी १९९२ साली तिचे चरित्र लिहिले, तेव्हा जगाला ती नीट दिसली. आज तिची पुष्कळ छायाचित्रे जर्सीच्याच संग्रहालयात आहेत. २०१८ साली पॅरिसमध्ये त्यांच्या जुन्या घराजवळच्या एका वाटेला दोघींची नावे जोडीने दिली गेली. त्याच वर्षी जर्सीमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा अमलात आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सहा तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ ची बेडी प्रौढांच्या खुशीच्या संबंधांपुरती तोडली.

सेंट ब्रेलाडच्या त्या कबरस्तानात दोघी एकत्र निजल्या आहेत. दगडावर नावे आहेत ती जन्मनावे, एकीखाली एक. नाते काय ते लिहिलेले नाही. बहीण नाही, मैत्रीण नाही, पत्नी नाही.

परवा पुन्हा लिंगविचाराचा तास होता. पुन्हा हात वर झाला, पुन्हा तोच प्रश्न आला. मी नेहमीचे उत्तर दिले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, "पण मोठे झाल्यावरही कोणाला त्या जागेत राहायचे असले तर?"

पुस्तकात याचे उत्तर नाही. "राहू द्यावे," असे मी म्हटले, आणि तक्ता न पुसता तसाच फळ्यावर ठेवला.