शिळाछाप, खिळे आणि पंचांग : एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या लहान छापखान्यांचा विचार

महाराष्ट्रातील मुद्रणाचा इतिहास बहुधा दोन दृष्टींनी लिहिला गेला आहे. कोणता ग्रंथ प्रथम केव्हा छापला गेला ह्याचा शोध घेणे ही पहिली दृष्टी होय. छापील पुस्तकांनी व वृत्तपत्रांनी समाजाच्या विचारांत कोणता पालट घडविला हे पाहणे ही दुसरी. ह्या दोहोंमध्ये एक साधी गोष्ट मागे पडते, ती ही की, छापखाना हा एक धंदा होता. छापखानदारास कागद विकत घ्यावा लागे, कारागिरांस दरमहा वेतन द्यावे लागे, आणि माल खपून गुंतलेला पैसा परत येईपर्यंत तग धरावा लागे. मिशनच्या छापखान्यामागे वर्गणीदार होते व सरकारी छापखान्यामागे तिजोरी होती. ज्यांच्यामागे ह्यांपैकी काहीच नव्हते, ते ह्या धंद्यात कसे टिकले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गणपत कृष्णाजी व जावजी दादाजी ह्या दोन छापखानदारांचा वृत्तांत जवळजवळ ठेवून पाहिला असता ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी हाती येते. यंत्र विकत घेणे ही त्यांच्या यशाची केवळ एक अट होती. यंत्राला नित्य लागणारी सामग्री स्वतः निर्माण करण्याची विद्या आणि दरवर्षी ठरल्या वेळी खपणारा माल, ह्या दोन गोष्टी खऱ्या निर्णायक ठरल्या.

१

ह्या प्रकारच्या उद्योगाचे उदाहरण मुंबईत मराठीपूर्वी गुजराती मुद्रणात दिसते. फर्दुनजी मर्झबान ह्यांनी १८१२ मध्ये मुंबईस छापखाना काढला, गुजराती खिळे स्वतः घडविले आणि १८१४ मध्ये गुजराती पंचांग छापले. त्यांचे वृत्तपत्र, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेले ‘मुंबई समाचार’, त्यानंतर आठ वर्षांनी, १८२२ मध्ये निघाले. आधी खिळे, मग पंचांग आणि त्यानंतर वृत्तपत्र हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मराठीत मुद्रणाची घडी प्रथम अमेरिकन मिशनच्या छापखान्याने बसविली. कलकत्त्याहून आणविलेल्या खिळ्यांवर त्याचे काम सुरू झाले. पुढे टॉमस ग्रॅहॅम ह्यांच्या देखरेखीखाली तेथेच मराठी व गुजराती अक्षरांचे नवे ठसे तयार होऊ लागले. ह्या छापखान्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता तो एतद्देशीय कारागिरांची शाळा ठरला. तेथे छापलेल्या पुस्तिकांनी किती मने वळविली हा प्रश्न वेगळा. तेथे कसब मिळविलेले हात मात्र पुढे मुंबईच्या मुद्रणधंद्याचे आधार झाले.

२

गणपत कृष्णाजी ह्यांनी मिशनचे मुद्रण पाहिले आणि आपल्या लोकांचे धर्मग्रंथही अशाच रीतीने छापावेत असे मनात आणले. त्यांची हकीकत गोविंद नारायण माडगांवकर ह्यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ ह्या १८६३ च्या ग्रंथात आली आहे. खिळे पाडण्याचा मोठा खर्च प्रारंभीच अंगावर न घेता त्यांनी शिळाछापाचा मार्ग धरला. ही निवड धंद्याच्या दृष्टीने अत्यंत समंजस होती.

शिळाछापाची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डर ह्यांनी शोधून काढली. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ह्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. स्निग्ध शाईने लिहिलेली अक्षरे विशिष्ट जातीच्या चुनखडी दगडावर उतरवितात; दगड ओला केला असता कोऱ्या जागी पाणी राहते व छपाईची शाई केवळ अक्षरांवर बसते. काम संपल्यावर तोच दगड घासून पुन्हा उपयोगात आणता येतो. देवनागरीस ही रीत विशेष सोयीची होती. जोडाक्षरे, मात्रा व उकार ह्यांसाठी शेकडो खिळे लागतात. शिळाछापात त्यांची गरजच उरत नाही. चांगल्या हाताचा लेखक असला म्हणजे झाले, आणि पोथ्यांच्या नकला करून उपजीविका करणाऱ्या लेखकांची ह्या देशात वाण नव्हती. अशा रीतीने नव्या यंत्राने जुन्या कसबाला कामावर ठेवले आणि प्रारंभीचे भांडवल आटोक्यात राहिले.

तथापि दाबयंत्र व दगड मिळाल्याने धंदा उभा राहत नाही. गणपत कृष्णाजींनी प्रथम लाकडी यंत्र तयार करून त्यावर प्रयोग केले व शाईही स्वतः सिद्ध केली. ह्या शाईस केवळ खर्चाच्या दृष्टीनेच महत्त्व नव्हते. छपाईच्या शाईत प्राण्यांची चरबी असते, म्हणून छापलेल्या कागदास स्पर्श करण्यास सोवळे लोक कचरत. चरबीच्या ठिकाणी तूप घालून तयार केलेल्या शाईने ही अडचण दूर झाली. आयात केलेली शाई वापरणाऱ्यास हा उपाय करता आला नसता. सामग्रीवर ताबा असल्यामुळेच गिऱ्हाइकाच्या श्रद्धेस मानवेल असा माल देणे शक्य झाले.

१८३१ मध्ये, शके १७५३ चे, पहिले छापील मराठी पंचांग गणपत कृष्णाजींच्या शिळायंत्रावर निघाले. पंचांग हा लहान छापखानदारास किती अनुकूल माल आहे, ह्याचा विचार इतिहासकारांनी फारसा केलेला नाही. त्याची मागणी नव्याने निर्माण करावी लागत नाही. जोशापासून गृहस्थापर्यंत सर्वांस ते हवे असते. विक्रीचा काळ वर्षप्रतिपदेच्या आसपास निश्चित असतो, म्हणून गुंतविलेला पैसा थोड्याच महिन्यांत मोकळा होतो. गतवर्षाचे पंचांग निरुपयोगी होत असल्याने गिऱ्हाईक दरसाल परत येते. ह्यात जोखीम एकच: उरलेल्या प्रती रद्दी होतात. तेव्हा किती प्रती काढाव्या ह्याचा अंदाज बांधणे हेच छापखानदाराचे खरे कौशल्य ठरते. अशा नियमित प्राप्तीच्या बळावरच मंद गतीने खपणारा ग्रंथ छापण्याचे धाडस करता येते. गणपत कृष्णाजी पुढे खिळ्यांच्या छपाईकडे वळले, तेव्हा शिळाछापाच्या धंद्यात त्यांचा जम बसलेला होता.

३

जावजी दादाजींचा जन्म १८३९ चा. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये वेतनावर खिळे घासण्याच्या कामास लागले. त्यानंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘इंदुप्रकाश’ व ओरिएंटल अशा निरनिराळ्या छापखान्यांत त्यांनी काम केले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा धंदा आरंभिला. परंतु तो छापखाना नव्हे, खिळे पाडण्याची ओतशाळा. अक्षरांचे ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू ह्यांचे त्यांस साह्य होते. निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये, निघाला.

ह्या क्रमातच जावजींची व्यावसायिक दृष्टी प्रकट होते. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करावयाचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील ह्यांचा रस ओतून खिळा पाडावयाचा, अशी ही प्रक्रिया असते. सर्वांत दुर्मिळ कसब ठसा कोरणाऱ्याचे. पण एकदा ठसे व साचे सिद्ध झाले की त्यांतून हवे तितके खिळे पाडता येतात. खिळे वापराने झिजतात, म्हणून छापखान्यास ते पुनःपुन्हा घ्यावे लागतात, आणि झिजलेला धातू वितळवून पुन्हा कामी येतो. नवा छापखाना हा दुसऱ्या छापखान्याचा प्रतिस्पर्धी असतो. ओतशाळेच्या दृष्टीने मात्र तो नवे गिऱ्हाईक होय. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर शाळा व क्रमिक पुस्तके वाढत होती, वृत्तपत्रांची संख्याही वाढत होती. ह्या वाढीत कोणताही छापखाना पुढे येवो, खिळे त्यास लागणारच होते.

देवनागरी खिळ्यांची अडचण मुंबईत रूढ झालेल्या ‘डिग्री’ पद्धतीने काहीशी हलकी केली. तीत अक्षराचा मुख्य भाग एका खिळ्यावर व वरखालची चिन्हे निराळ्या लहान खिळ्यांवर असत. त्यामुळे खिळ्यांचे प्रकार कमी होत, परंतु जुळारीचे काम वाढे. ठसे सुबक व मापे काटेकोर नसतील, तर अशी जुळणी विस्कळीत दिसे. निर्णयसागरी खिळ्यांचा लौकिक ह्याच कसोटीवर सिद्ध झाला, आणि देशभरच्या देवनागरी मुद्रणात त्यांस मान मिळाला.

ज्या काळी ही ओतशाळा निघाली तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, मुंबईत अफाट पैसा आला होता आणि नित्य नव्या कंपन्या निघत होत्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, आणि नामांकित पेढ्या व समुद्र हटविण्यासाठी निघालेल्या कंपन्या बुडाल्या. त्या धुमाळीतून जावजींची लहानशी ओतशाळा तरली. तिचे भांडवल भागांच्या कागदांत नव्हते. ते ठशांत, साच्यांत व कारागिरांच्या हातांत होते.

निर्णयसागर पंचांगाने ह्या छापखान्यासही नियमित प्राप्तीचा आधार दिला. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक ह्यांचे ‘बालबोध’ मासिक येथे छापले जाऊ लागले आणि १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ ह्या संस्कृत ग्रंथमालेस आरंभ झाला. १८९२ मध्ये जावजी निवर्तले, तेव्हा निर्णयसागरच्या संस्कृत आवृत्त्या विद्वानांच्या नित्य उपयोगात होत्या. ह्या आवृत्त्यांच्या संपादकांची नावे अभ्यासकांस ठाऊक असतात. ठसे कोरणाऱ्या राणोजींचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

४

ह्या वृत्तांतावर एक आक्षेप संभवतो. मिशनची कार्यशाळा, सरकारचे शिक्षणखाते व मुंबईची बाजारपेठ ही तयारच होती. मग ह्या व्यक्तींचे कर्तृत्व ते काय? ह्या तिन्ही गोष्टी आवश्यक होत्या हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या सर्वांसच उपलब्ध होत्या. मिशनच्या छापखान्यात खिळे घासणारे अनेक असतील. घासताना खिळ्यातील दोष ओळखून तो पाडण्याच्या विद्येपर्यंत पोहोचणारा विरळा.

ह्या यशाची मर्यादाही त्याच्या स्वरूपातच होती. विसाव्या शतकात मोनोटाइप व लायनोटाइप यंत्रे देवनागरीसाठी सिद्ध झाली, आणि पुढे ऑफसेट व संगणकीय अक्षरजुळणी आली. तेव्हा सामग्रीवरील ताबा ओतशाळेच्या हातून निसटला आणि खिळ्यांचा धंदा संपुष्टात आला. लहान उद्योजकास नवे तंत्र उपकारक की मारक, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्राकडे पाहून सुटत नाही. त्या यंत्रास रोज जे लागते ते कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे लागते. गणपत कृष्णाजींची शाई आणि जावजींचे ठसे ह्यांचा इतिहास ग्रंथसूचीच्या कडेने न लिहिता महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या मध्यभागी लिहिला जाणे अगत्याचे आहे.